अख्खं बिस्कीट

बिस्कीट मोडल्याचा आवाज इतका लहान होता, की तो एकट्या तिलाच ऐकू आला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरणीच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या टेबलाभोवती, चहाच्या वाफेत आणि दोन मुलींच्या चिवचिवाटात कुठेतरी कट् झालं आणि तिचा कप ओठांपाशीच थांबला. समोर गुंडी बसली होती. गुंडी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की बापाने हातात घेतल्या घेतल्या ‘ही तर शर्टाची गुंडी आहे’ म्हटलं, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. तर गुंडीने बशीतलं गोल बिस्कीट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधोमध मोडलं होतं. दोन्ही अर्धुकं तिने काचेवर ठेवली, बोटाने सरकवत सरकवत एकमेकांना भिडवली, मधली भेग दिसेनाशी झाली तशी मान वाकडी करून पाहिलं, आणि मगच एक अर्धुक उचलून तोंडात टाकलं. सगळं अगदी कामात गढलेल्या माणसासारखं. शेजारी डॉक्टरणीच्या मुलीने तोवर दोन बिस्किटं फस्त करून तिसऱ्याला हात घातला होता.

“अगं, अख्खं खा ना,” डॉक्टरीण हसत म्हणाली. “कुणी घेणार नाहीये तुझं.” मग तिच्याकडे वळून, “घरी अर्धंच देतेस की काय हिला?”

बोलण्यात काही खोट नव्हती. डॉक्टरीण मनाने मोकळी, जिन्यात भेटली तर हातातली पिशवी घेणारी बाई. पण ‘कुणी घेणार नाहीये’ हे तीन शब्द तिच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत चढले आणि तिथे गरम होऊन बसले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सुचेल ते बोलताना माणूस जसं नेमकं नको ते बोलतो तसं ती बोलून गेली, “दात हलतोय तिचा. म्हणून मोडून खाते.” बोलताक्षणी तिला कळलं की आपण हे कुणाला सांगतोय. समोरच्या बाईचा सगळा दिवस लोकांच्या तोंडात डोकावण्यात जातो. डॉक्टरणीने कप खाली ठेवला. “चौथ्या वर्षी? बघू बरं. आ कर, राणी.” गुंडीने आ केला. बिस्किटाचा लगदा, त्यामागे तांदळासारखे स्वच्छ दात. डॉक्टरणीने करंगळीने एकेक दात चाचपून पाहिला, आणि तेवढा वेळ गुंडीची आई खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, जणू आपलंच तोंड उघडं आहे. “एकही हलत नाहीये,” डॉक्टरीण म्हणाली. “हललंय ते तुझंच काहीतरी. नीट झोपतेस ना तू?” डॉक्टरीण हसली. तीही हसली. पुढच्या रविवारी आता तुम्ही खाली या, असं हसता हसताच बोलून बसली, आणि गुंडीचं बोट धरून जिना उतरताना तिला वाटलं, आपण एक खोटं झाकायला एक अख्खा रविवार देऊन आलो.

कुठून शिकली ही? जिन्याच्या वळणावर हा प्रश्न पडला आणि दाराला किल्ली लावेपर्यंत त्याचं उत्तरही मिळालं, कारण ते उत्तर तिच्या स्वतःच्या हातांत होतं. तीच तर मोडायची. शिकवलं कधीच नव्हतं, सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी दुकानातून आल्यावर स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहून चहा पिताना तिच्या बोटांना बिस्कीट मिळालं की बोटं ते मधोमध मोडायची, बशीत जुळवून ठेवायची, आणि मगच ती खायची. लग्नाच्या सुरुवातीला नवऱ्याने विचारलंही होतं, “तू रोज त्याचं ऑपरेशन का करतेस? आणि शिवून परत का ठेवतेस?” तेव्हा तिने सवय आहे म्हणून उडवून लावलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. त्यासाठी कॉलेजात रीतसर शिकली होती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायची, आता कसं दिसतंय, हे बरं की हे? माणसं किती वर्षं चुकीचं बघत राहतात आणि त्यालाच बघणं म्हणतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि आपली मुलगी चार वर्षं आपल्या बोटांकडे बघत होती, हे तिला आज दिसलं. म्हणजे दिसलं तेही दुसरीने दाखवल्यावर.

तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. गावाबाहेरच्या रस्त्याला तो कारखाना, लांबून कळायचा तो वासाने. आई घरी आली की दारातून आधी तो वास यायचा, मग आई. साखरेचा, तापलेल्या लोण्याचा, आणि खाली कुठेतरी पुठ्ठ्याचा. भट्टीपाशी पुरुष असायचे. बायका लांब टेबलाशी उभ्या राहून पट्ट्यावरून येणारी बिस्किटं डब्यात भरायच्या. अख्खी डब्यात, मोडकी पिंपात. आणि आठवड्याच्या शेवटी त्या पिंपातली एक पिशवी प्रत्येकीला घरी न्यायची मुभा होती. त्या संध्याकाळी ती फरशीवर वर्तमानपत्र पसरून तयार बसलेली असायची. आई चपला काढायच्या आधी पिशवी उलटी करायची. कोपरे, कडा, अर्धुकं, पाव, नुसता भुगा. आणि मग सुरू व्हायचं ते काम. पोटावर पालथं पडून एकेक तुकडा उचलायचा, दुसऱ्याला लावून बघायचा. कडा बिलगतेय का, वरची नक्षी पुढे चालतेय का. पुष्कळदा नाही. मग अचानक हो. दोन तुकडे असे काही बसायचे, की हात काढला तरी भेग दिसायची नाही, आणि तिच्या छातीत काहीतरी जागेवर पडल्यासारखं व्हायचं. असं जुळलेलं बिस्कीट ती लगेच खायची नाही. खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवायची. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, “हिच्या हाताला गुण आहे. आमच्या पिशवीतही बघून जा गं एकदा.” एकदा आईबरोबर बाजारात गेली असताना दुकानात काचेची बरणी भरून अख्खी बिस्किटं तिला दिसली. ती थक्क होऊन बघतच राहिली. तिला खरंच वाटलं, या दुकानदाराच्या घरी केवढं हुशार मूल असलं पाहिजे.

हे आठवून एरवी तिला हसू आलं असतं. आज आलं नाही. आज त्या आठवणीवर डॉक्टरणीचा आवाज सांडला होता. घरी अर्धंच देतेस की काय. म्हणजे आपण फरशीवरून उठलो, शिकलो, नोकरीला लागलो, मुलांच्या डब्यात काय भरावं यावर चार पुस्तकं वाचली, आणि आपल्या नकळत आपल्या मुलीला वर्तमानपत्रावर पालथं पाडून आलो. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, रविवारी डॉक्टरीण येतेय. नवरा म्हणाला, कोपऱ्यावरच्या बेकरीतून काहीतरी आणू. ती म्हणाली, “नाही. मी घरी करणार आहे. बिस्किटं.” नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग ओव्हनकडे. तो ओव्हन लग्नात कुणीतरी दिलेला. आजवर त्याने झाकणं, किसण्या आणि एक कान तुटलेलं भांडं सांभाळण्यापलीकडे काही केलं नव्हतं. “त्याला विचारलंस का?” नवरा म्हणाला.

बेकरीतून का नको, हे तिला धड सांगता आलं नसतं. बेकरीतली बिस्किटं चांगली असत. पण ती अख्खी असत ती दुसऱ्याच कुणीतरी अख्खी ठेवल्यामुळे. तिला तिच्या स्वतःच्या हातून निघालेलं, सुरुवातीपासून अख्खं असलेलं बिस्कीट हवं होतं. ते बशीत ठेवायचं, गुंडीने उचलायचं आणि न मोडता खायचं. बस. एवढंच तिला त्या रविवारी घडायला हवं होतं, आणि ते घडलं नाही तर काहीतरी कायमचं हातचं जाईल असं वाटत होतं.

करायला तसं काहीच नव्हतं. लोणी, साखर, मैदा, चिमूटभर मीठ. लोणी बाहेर ठेवून मऊ होऊ द्यायचं, साखर घालून पांढरं होईपर्यंत फेटायचं, मैदा चाळून मिसळायचा, मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. जाड सुरळी करून फ्रीजमध्ये ठेवायची, घट्ट झाली की चकत्या कापून ट्रेमध्ये मांडायच्या, मधे जागा सोडून, कारण ती पसरतात. पुस्तकात लिहिलं होतं, कोणालाही जमेल. या वाक्याचीच तिला भीती वाटली. पहिल्या दिवशी ट्रे बाहेर काढला तर बिस्किटं बोटाला मऊ लागली. कच्ची आहेत म्हणून पुन्हा आत ढकलली, पुन्हा मऊ, पुन्हा आत. शेवटी जी निघाली ती बुटाच्या पॉलिशच्या रंगाची होती आणि ताटलीत टाकली की खणखणायची. नवऱ्याने एक चावून पाहिलं, जबड्यावर हात ठेवला. “हीच दे डॉक्टरणीला. धंदा वाढेल तिचा.” मग तिला कळलं, की बिस्कीट भट्टीतून मऊच निघतं, कडक होतं ते बाहेर, हवेवर, कुणी हात न लावता. दुसऱ्या दिवशी कडा जरा सोनेरी झाल्याबरोबर ट्रे काढला, आणि तिथवर आलेलं यश बघायची तिला अशी काही घाई झाली, की गरम असतानाच एकेक उचलायला गेली. पहिलं मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं उलथण्यावर येता येता मधोमध वाकलं आणि गेलं. ती ओट्याशी उभी राहिली. समोर वर्तमानपत्र नव्हतं इतकंच.

गुंडी झोपेतून उठून आली, स्टूल ओढून वर चढली आणि तुकड्यांचा ढीग बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की आईने हातातलं उलथणं खाली ठेवलं. “एवढे सगळे मला?” गुंडी म्हणाली. तिने लगेच कामाला सुरुवात केली. हा घेतला, तो लावला. तो ठेवला, हा घेतला. आईने सगळे तुकडे आधीच एका ढिगात लोटले होते, खालवर झाले होते. बराच वेळ गेला. मग खालचा ओठ पुढे काढून गुंडी म्हणाली, “आई, लागत नाहीत.”

“मोडकं ते मोडकं,” ती म्हणाली, आणि आपला आवाज तिलाच परका वाटला. “हे बघ गुंडी. आता मोठी झालीस तू. बिस्कीट अख्खं खायचं. मोडायचं नाही. रविवारी त्या येतील ना, तेव्हा तर अजिबातच नाही.”

“का?”

“असंच.”

गुंडीने मान हलवली. गुंडी शहाणी मुलगी होती, हीच पंचाईत होती. तिसऱ्या खेपेला ट्रे बाहेर काढल्यावर गुंडीच्या आईने हात पाठीमागे बांधले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालच्या रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, तो ती बसवून निघून जाईपर्यंत उभी राहिली. मागे ट्रेचं लोखंड निवत जाताना बारीक टकटक व्हायची. मग वळली. उलथणं नुसतं टेकवलं तर बिस्कीट आपण होऊन सरकलं. अख्खं. दुसरंही. तिसरंही. सगळी गोल, कडेला सोनेरी, मधे फिकट, वर साखरेचा एखादा कण चमकणारा. घरात मोठं कुणी नव्हतं, नाहीतर हाक मारली असती. छातीत तेच झालं, काहीतरी जागेवर पडल्यासारखं, पुष्कळ वर्षांनी. तिने त्यातलं सगळ्यात गोल निवडून गुंडीला दिलं. गुंडीने ते दोन्ही हातांनी धरलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एका कडेने कुरतडायला लागली. आवडलं का? गुंडीने मान हलवली. आणखी हवं? गुंडीने दुसरं घेतलं आणि जेवणाच्या टेबलाखाली गेली. मूल टेबलाखाली जातं त्यात काय. पण बघत राहायची सवय असलेलं माणूस होतं ते, तिला राहवलं नाही. वाकून पाहिलं तर टेबलाच्या पायाआड, आईकडे पाठ करून, गुंडी बिस्कीट मोडत होती. आवाज होऊ नये म्हणून फ्रॉकच्या घेरात गुंडाळून.

ती सरळ उभी राहिली. आपण हे काय शिकवलं, असं तिच्या मनात आलं. मोडायला तर आपण शिकवलं नव्हतं. हे मात्र आपणच शिकवलं.

आणि त्याच वेळी, ओट्यावरचे कालचे तुकडे डब्यात भरताना, दुसरीच एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. लागत नाहीत, गुंडी म्हणाली होती. एकाच ट्रेमधली बिस्किटं, तेवढेच तुकडे, तरीही लागत नाहीत. मग आपले कसे लागायचे? ते पिंप तिने एकदा पाहिलं होतं, तिच्या उंचीचं. दिवसभराचं, सगळ्या टेबलांवरचं मोडकं त्यात जायचं, खोऱ्याने ढवळलं जायचं. त्यातून भरलेल्या एका पिशवीत एकाच बिस्किटाचे दोन्ही तुकडे यावेत, तेही दर आठवड्याला, एक नाही, तीन-तीन, चार-चार. हाताला गुण आहे म्हणे. कॉलेज शिकलेल्या बाईला हे आज सुचावं? बिस्किटं आपोआप अशी येत नाहीत. कुणीतरी अख्खी घेऊन, मोडून, पिशवीत टाकल्याशिवाय. मनात पाल चुकचुकली ती थांबेना. दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत भिंगं बदलतानाही तिला तेच दिसत राहिलं. कारखान्याचं फाटक. पहारेकरी प्रत्येकीची पिशवी उघडून बघतोय. आई रांगेत. शेजारच्या काकूंचा हात धरून ती कधीकधी आईला आणायला जायची, म्हणून ते चित्र तिच्याकडे होतं. पिशवी उघडून दाखवताना आई हनुवटी वर करायची. बाकीच्या बायका खाली बघायच्या, काही पहारेकऱ्याशी हसायच्या, आई हनुवटी वर करून समोर बघायची. लहानपणी तिला त्या हनुवटीचा केवढा अभिमान. शाळेत, दुकानात, कुणी वरच्या आवाजात बोललं की तीही तशी हनुवटी वर करायची, अजून करते. आणि ती हनुवटी जर मुद्दाम मोडलेल्या बिस्किटांवर उभी असली तर? सापडली असती तर आईची नोकरी गेली असती. तिच्या खिडकीच्या कठड्यावरच्या त्या गोल गोल बिस्किटांसाठी. तिला आईचा राग आला नाही. तिला भीती वाटली, उशिराची, कुणाच्याच उपयोगाची नसलेली भीती, रस्ता ओलांडून झाल्यावर मागून गाडी गेल्याची वाटते तशी.

रविवारी सकाळीच आई आली. दोन बस बदलून येते, पण घरात आल्यावर रिकामी खुर्ची दिसली तरी आधी बसत नाही, आधी हात धुते. गुंडीला कडेवर घ्यायचं आता जमत नाही म्हणून स्वतःच वाकली आणि गुंडीच्या गालाला गाल लावला. मग स्वयंपाकघरात येऊन चकत्या मांडलेला ट्रे पाहिला. “तू करतेयस?” म्हणाली. “भट्टीचं काम?”

“भट्टी कुठली. एवढासा तर आहे.”

“मी आयुष्यभर बिस्किटं भरली,” आई म्हणाली, “पण केलं एकही नाही. भट्टीकडे आम्हाला जाऊच द्यायचे नाहीत. तिकडून नुसतं गरम वारं यायचं.” तिने स्टूल ओव्हनच्या समोर ओढून घेतलं आणि काचेतून आत बघत बसली. आत पिवळ्या उजेडात चकत्या हळूहळू सैल होत होत्या, पसरत होत्या, फुगून पुन्हा बसत होत्या. “असं होतं होय,” आई मधेच म्हणाली. गुंडी आजीच्या मांडीला टेकून उभी. दोघींचे चेहरे काचेत एकावर एक दिसत होते.

विचारू की नको, असं तिचं दोन दिवस चाललं होतं. ट्रे निवायला ठेवल्यावर, पाठमोरी राहून, भांडं विसळता विसळता तिने विचारलं. “आई, ते पिशवीतले तुकडे. जुळायचे ते. तू मुद्दाम मोडायचीस का?”

तिने नळ बंद केला. वळून पाहिलं तर आईची हनुवटी वर गेली होती. तीच.

“मोडायचे?” आई म्हणाली. “मी? अख्खं बिस्कीट?”

“मला वाटलं...”

“टेबलावरचं एक अख्खं बिस्कीट कधी तोंडात टाकलं नाही मी. बाकीच्या टाकायच्या. मोडेन कशाला?”

“मग जुळायचे कसे?”

आईच्या चेहऱ्यावर, पकडली गेल्यासारखं, हसू आलं. “मी जुळवायचे,” म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत. सगळ्या बायका झाडाखाली पाय पसरून बसायच्या, मी डबा घेऊन पिंपाशी. एका हाताने जेवायचं, एका हाताने शोधायचं. चिडवायच्या मला. म्हणायच्या, बाई, तुला सासूने कामाला लावलंय की मालकाने? आठवडाभरात दोन-चार तरी मिळायचीच. ती कागदात गुंडाळून वेगळी ठेवायचे.”

“मग अशीच जोडून का नाही आणलीस? मी फरशीवर...”

“अगं, आणली होती की. पहिल्यांदा आणली तशीच, कागदात. ती तू खाल्लीस आणि खेळायला पळालीस.” आई गुंडीच्या केसांतून बोटं फिरवत होती. “मग पुढच्या वेळी सुटी करून पिशवीत मिसळली. खालवर केली चांगली. ते एक बिस्कीट तू रात्रीपर्यंत हातातून सोडलं नाहीस. सगळ्या आळीला दाखवून आलीस, मी केलं म्हणून. पहारेकऱ्यालासुद्धा सांगितलंस एकदा, आठवतं? माझ्या आईच्या पिशवीत बिस्कीट असतं, पण ते मलाच सापडतं. तो मला म्हणाला, बाई, पोरगी पुढे जाणार तुमची.”

आठवत नव्हतं. ते एवढंच तिच्याकडे नव्हतं, आणि आता आलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हात पुसायचं फडकं हातातच. बायका झाडाखाली बसलेल्या, आणि पिंपाशी एकटी उभी तिची आई, तेव्हा आजच्या तिच्यापेक्षाही वयाने लहान. एक कड दुसरीला लावून बघणारी. लागली, की छातीत तसंच होत असणार. आणि मग ते लागलेलं, स्वतःच्या हातांनी पुन्हा सुटं करणारी. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच. पाठ सरळ झाली. खांदे मागे गेले. या घराण्यात आपला जन्म झाला, असं काहीसं, मोठ्या घरांतल्या लोकांना वाटत असेल तसं, तिला फडकं हातात घेऊन ओट्याशी वाटलं.

“निवली असतील,” आई म्हणाली. तिने ट्रेवरचं एक बिस्कीट उचललं, खायला नाही, उलटं करून खालची बाजू पाहिली. बोटाने कडेवरून एक फेरी मारली. उजेडात धरलं. चष्म्याच्या दुकानात निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. “हे डब्यात गेलं असतं,” आई म्हणाली.

याहून मोठी शाबासकी आईला येत नव्हती.

दुपारी डॉक्टरीण मुलीला घेऊन आली, दारातच नाक वर करून. “कुठल्या बेकरीतली गं? जिन्यापर्यंत वास आलाय.”

“आमच्याच,” ती म्हणाली. “आणि ही माझी आई. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती.” हे वाक्य तिने याआधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं असं नाही, पण असं, कुणी विचारायच्या आधी, दारातच, कधीच नाही. डॉक्टरीण आईच्या शेजारी बसली आणि लगेच चौकशीला लागली, दिवसभर उभं राहून करायचं का, कंबर धरायची का. आई म्हणाली, कंबरेचं काय, दातांचं विचारा, सगळे शाबूत आहेत. डॉक्टरीण म्हणाली, बघू का? आणि आई म्हणाली, आज सुट्टी आहे ना तुम्हाला.

मधे टेबलावर बशी होती. डॉक्टरणीच्या मुलीने एकामागून एक दोन उचलून खाल्ली. डॉक्टरणीने एक घेऊन चावलं आणि डोळे मिटले, “अगं, हे तू केलंस? सांग ना मला कसं ते, अवघड आहे का?” सोपं आहे, ती म्हणाली, फक्त निवेपर्यंत हात लावायचा नाही. पण तिचं लक्ष बशीपलीकडे होतं. गुंडीने आपलं बिस्कीट घेतलं होतं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं होतं. आणि मोडत नव्हती, खातही नव्हती. आईकडे बघत होती. एवढ्याशा चेहऱ्यावर एवढी मोठी खबरदारी. टेबलाखाली जाऊ की इथेच, असं विचारणारी.

तिने हात पुढे करून बशीतलं एक बिस्कीट उचललं. सगळ्यात गोल होतं ते, तिने सकाळीच हेरून ठेवलेलं. सगळ्यांसमोर, टेबलाच्या मधोमध धरून, ते मोडलं. कट्. आवाज चांगला मोठा झाला. दोन्ही अर्धुकं तिने गुंडीसमोर ठेवली. गुंडी क्षणभर तशीच राहिली, मग तिने स्वतःचं मोडलं, कट्, आणि चारही तुकडे एकत्र करून बोटांनी खालवर केले.

“हे काय चाललंय?” डॉक्टरीण म्हणाली.

“आमच्याकडे असंच खातात,” ती म्हणाली. बोलताना हनुवटी वर गेली ते तिला कळलं. पलीकडे तिच्या आईने चहाचा कप तोंडापाशी नेला, पण प्यायली नाही, कपाआडून नुसती बघत राहिली.

गुंडी मान वाकडी करून लावत होती. हा नाही. हा नाही. मग एक लागला. भेग दिसेनाशी झाली. डॉक्टरणीच्या मुलीने तिसरं बिस्कीट तोंडाकडे नेलेलं तसंच मागे घेतलं, मोडलं आणि दोन्ही तुकडे ढिगात टाकले. “माझं पण शोध,” म्हणाली. डॉक्टरणीने हसत आपल्या हातातलं पुढे केलं. “माझं चालेल का?”

गुंडीने ते नीट पाहिलं. एका बाजूला दातांची महिरप उमटली होती. “तू आधीच खाल्लंस,” गुंडी म्हणाली. “आता नाही लागणार.” पण मग तिला दया आली असावी. ती बशीवर ओणवली, एकेक बिस्कीट बोटाने सरकवून बघितलं, एक उचललं, उलटं करून त्याची खालची बाजू तपासली आणि डॉक्टरणीच्या हातात दिलं. अख्खं. मग तिच्या मोठ्या हातांची बोटं धरून, कुठे आणि कसं धरायचं ते दाखवायला लागली.